सुट्या पैशांत विकली गेलेली गाणी : वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या ग्रंथालयांत

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जेफरसन इमारतीत पर्यटक छताकडे बघत फिरतात आणि तासाभरात बाहेर पडतात. इमारत आहेच तशी. पण मला तिथे वाचायला बसायचं होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या रस्त्यांवर सुट्या पैशांत विकले जाणारे गाण्यांचे कागद तिथल्या दुर्मीळ ग्रंथ विभागात आहेत, आणि ते बघायला संशोधक असण्याची अट नाही.

हा कागद म्हणजे एकच पान. एका बाजूला छापलेलं, भोवती नक्षीची चौकट, वर एखादं चित्र आणि खाली नुसते शब्द. स्वरलिपी नाही. डोक्यावर एका माहितीतल्या गाण्याचं नाव, की त्या चालीवर हे म्हणा. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ लिहून दुसऱ्याच पदाचं नाव दिलेलं असतं, तोच प्रकार. निवडणूक, फाशी, बुडालेलं जहाज, दारूबंदी, आयरिश स्थलांतरितांची गाऱ्हाणी, सगळ्यावर गाणी. यादवी युद्धात तर दोन्ही बाजू एकाच चालीवर आपापले शब्द बसवून एकमेकांना शिव्या घालत होत्या.

लायब्ररीच्या या संग्रहात ४,२९१ कागद आहेत, त्यांतले ९७ डब्लिन आणि लंडनचे. सगळे स्कॅन होऊन फुकट बघायला ठेवलेले. मग जायचं कशाला? मला कागद हातात घेऊन बघायचा होता. १८५०च्या आधीचा कागद बहुतेक चिंध्यांपासून केलेला, तो अजून मऊ आहे, घडी सोसतो. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल राहतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि कडेने पापडासारखा तुटतो. जुना धडधाकट आणि नवा मरणपंथाला, हे स्क्रीनवर कळत नाही. मोडकळीला आलेले कागद पारदर्शक पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या दोन पातळ तावांमध्ये कडा बंद करून ठेवतात. उष्णतेने चिकटवलेलं लॅमिनेशन मात्र नाही, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. घरातली जुनी कागदपत्रं लॅमिनेट करून आणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आता तयारीचं. मेट्रोचं कॅपिटल साउथ स्टेशन अगदी जवळ आहे. आधी लायब्ररीच्याच मॅडिसन इमारतीत जाऊन वाचकाचं ओळखपत्र काढायचं. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही मिळतं, फुकट मिळतं, भारतीय पासपोर्ट चालतो. मॅडिसन आणि जेफरसन या इमारती भुयाराने जोडलेल्या आहेत, त्यामुळे पावसाथंडीत बाहेर पडावं लागत नाही. बॅग, कोट, पेन, पाण्याची बाटली वाचनकक्षाबाहेर ठेवायची. आत शिसपेन्सिल. हातमोजे कुणी देईल अशी अपेक्षा करू नका. कागदासाठी स्वच्छ कोरडे हातच बरे, मोज्यांनी कड पकडताना उलट ती फाटते. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅश न वापरता, पण विचारून.

ज्याचं स्कॅन उपलब्ध आहे त्याचा मूळ कागद सहजासहजी काढून देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून निघण्याआधी ग्रंथपालांना लिहा: कोणता कागद, त्याचा क्रमांक, आणि स्कॅनमध्ये न दिसणारं काय बघायचंय. मी पाठकोरी बाजू आणि कागदाचा पोत असं लिहिलं होतं. मोजकेच कागद मिळाले, पण मिळाले.

या कागदांवर सहसा साल नसतं. कवीचं नाव तर क्वचितच. छापणाऱ्याचा पत्ता मात्र ठळक, कारण जाहिरात त्याची. न्यूयॉर्कच्या चॅथम स्ट्रीटवरच्या द मार्सानसारखे छापखानेवाले जागा बदलत राहिले, आणि कोण कोणत्या वर्षी कुठे होता हे शहराच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांवरून ताडून कागदाचा काळ ठरवतात. हे काम मला गाण्यांपेक्षाही रंजक वाटलं.

एक सूचना. काळ्या लोकांची टिंगल करणारी, गोऱ्यांनी तोंड काळं करून गायलेली गाणी यांत भरपूर आहेत, कागदांवरची चित्रंही तशीच ओंगळ. ग्रंथालयांनी ती लपवलेली नाहीत, आणि लपवूही नयेत. पण मुलांना सोबत नेणार असाल तर आधी बोलून ठेवा.

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून मार्क रेल्वेच्या पेन लाइनने बाल्टिमोर साधारण तासाभराचं. तिथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लेस्टर लेव्ही यांचा शीट म्युझिकचा संग्रह आहे, म्हणजे स्वरलिपीसकट छापलेली, पियानोवर वाजवायची गाणी. लेव्ही पेंढ्याच्या हॅट बनवणाऱ्या घराण्यातले. आयुष्यभर हौसेने जमवलेला हा खजिना त्यांनी १९७६ साली विद्यापीठाला दिला. आज तो तीस हजारांच्या घरात आहे.

बाल्टिमोरला अमेरिकेच्या राष्ट्रगीताची गोष्ट पायाखाली सापडते. सप्टेंबर १८१४ मध्ये फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यावर ब्रिटिश तोफा चालल्या, फ्रान्सिस स्कॉट की यांनी कविता लिहिली आणि ती लगेच सुट्या कागदावर छापून वाटली गेली. चाल एका लंडनी मंडळाच्या गाण्याची. त्याच वर्षी थॉमस कार यांनी तिथेच ती स्वरलिपीसह छापली, आणि घाईत ‘पेट्रिऑटिक’ (देशभक्तिपर) या शब्दाचं ‘पेरिऑटिक’ झालं. ही छपाईतली चूकच आज पहिली आवृत्ती ओळखण्याची खूण आहे, आणि अशी एक प्रत लेव्हींकडे होती. राष्ट्रगीताचा दर्जा मिळायला १९३१ उजाडलं. कींचं हस्तलिखित शहरातल्याच मेरीलँड सेंटर फॉर हिस्टरी अँड कल्चरमध्ये आहे. किल्ला आणि हे केंद्र एका दिवसात सहज होतात.

हॉपकिन्समध्ये आयत्या वेळी जाऊन काही मिळणार नाही, खोके आधी मागवावे लागतात. मुखपृष्ठांचे रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं, बघायचे असतील तर तसं मागणीत लिहा. कुठेही जुन्या मालकिणींनी बांधून घेतलेले खंड मिळाले तर अवश्य मागा. मुली आपल्या आवडीची गाणी एकत्र बांधून कातड्यावर सोनेरी अक्षरांत स्वतःचं नाव घालून घेत. कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा याचे पेन्सिलीने लिहिलेले आकडे आत सापडतात. बांधणाऱ्याने कडा कापताना किंमत आणि छपाईच्या प्लेटचा क्रमांकही उडवलेले असतात, त्यामुळे ग्रंथपाल वैतागतात, पण मला तेच खंड आवडले.

बोस्टनकडे जाणार असाल तर वाटेत वूस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी हे जुन्या अमेरिकी छापील साहित्याचं संशोधन ग्रंथालय आहे. तिचे संस्थापक आयझाया थॉमस यांनी, स्वतः छापखान्याचे मालक असूनही, १८१३ साली बोस्टनमध्ये रस्त्यावर विकली जाणारी तीनशेहून अधिक गाणी विकत घेऊन पुढच्या वर्षी संस्थेला दिली. साध्या लोकांत सध्या काय चालतं ते दाखवायला, असं कारण देऊन. तिथेही वाचन फुकट आहे, आधी वेळ ठरवून जावं लागतं.