फारकत स्टॅम्पपेपरवर होत नाही

आमच्या खान्देशात अजूनही दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून होते, पाचजण सह्या करतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि चहा घेऊन सगळे उठतात. माझ्याकडेही असा कागद होता. वकिलांनी तो वाचून एवढंच सांगितलं, "ताई, कायद्याने तुमचं लग्न अजून शाबूत आहे." नोटरी सही कुणाची ते बघतो, लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने काडीमोडीची रूढी राखून ठेवली आहे खरी, पण आपल्या जातीत ती जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, वर फौजदारी गुन्हा. अक्कलकुवा-धडगावकडच्या भिल्ल, पावरा समाजाचं मात्र वेगळं आहे. कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, त्यांची रूढी चालते.

आपण मुंबई प्रांतात होतो म्हणून हिंदूंना घटस्फोट १९४७ च्या प्रांतिक कायद्याने मिळाला; देशभरासाठी कायदा आला १९५५ मध्ये. पण तेव्हा कुणाचा तरी दोष सिद्ध करावा लागे. दोघांच्या संमतीची वाट १९७६ च्या दुरुस्तीने उघडली, कलम १३ब. मला सगळ्यात उपयोगी पडली ती २००३ ची दुरुस्ती: बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. लग्न आणि संसार सुरतेला, अर्ज जळगाव जिल्ह्यात. ही तरतूद नसती तर दर तारखेला ताप्ती लाईनची गाडी धरावी लागली असती.

संमतीच्या घटस्फोटात खरा घोळ तारखेचा. पहिल्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. त्यानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर राहून 'आम्ही ठाम आहोत' सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. पण त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पैसा, मुलं यांचा निकाल आपसात लागलेला असावा. आम्ही चौदाव्या महिन्यात अर्ज टाकला. माफी नामंजूर. वेगळं राहिल्याची तारीख दाखवायला तो फारकतीचा कागदच कामी आला, हे त्याचं एवढंच पुण्य. (एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं 'वेगळं' धरलं जातं, पण तसा पुरावा कुठून आणायचा?)

कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी कोर्टात द्यायच्या लेखी अटी, मात्र घाईत लिहू नका. निकाल होईपर्यंत कुणीही एकतर्फी संमती मागे घेऊ शकतो, हे १९९१ पासून पक्कं आहे. म्हणून रकमेचा अर्धा डीडी पहिल्या तारखेला, अर्धा दुसऱ्या मोशनच्या (दोघांनी पुन्हा हजर राहण्याच्या) दिवशी कोर्टासमोर, असं लिहून घ्या. 'सर्व दागिने परत' असं मोघम नको. पोत, पाटल्या, कानातले, प्रत्येकाचं वजन घाला. मुलाचा ताबा कुणाकडे, भेटीचे वार कोणते, शाळेची फी कोण भरणार, हेही. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाची सोडता येत नाही. घरकर्ज दोघांच्या नावावर असेल तर हप्ता कुणाचा, तेही. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं.

पोलिसात ४९८अ ची, म्हणजे सासरच्या छळाची, तक्रार झालेली असेल (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तर घटस्फोटाने ती आपोआप मिटत नाही. हा गुन्हा तडजोडीचा नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. त्यासाठीचं शपथपत्र कुणी आणि कधी द्यायचं, हे टर्म्समध्ये नसेल तर शेवटचा डीडी वटल्यावर कुणी फोनही उचलत नाही.

बरेचजण विचारतात, संसार कायमचा मोडलाय एवढं कारण पुरत नाही का? २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानुसार पुरतं, पण ते अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला. खालच्या कोर्टात चालत नाही.

आणि नाव. आधारवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं असेल तर अर्जात दोन्ही 'उर्फ' लावून घाला. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. वादाच्या केसमध्ये अपिलाचे नव्वद दिवस जाऊ द्यायचे, मगच दुसऱ्या लग्नाचा विचार. नक्कल मागताना तीन प्रती मागा आणि खिडकीवरच उभं राहून नावातला काना-मात्रा तपासा. घरी गेल्यावर सापडलेल्या चुकीसाठी दुरुस्तीचा वेगळा अर्ज लागतो, वेगळी तारीख पडते.