स्कोअरशीटवरची फुली

सातवीत मी शाळेच्या बास्केटबॉल संघात नव्हतो. उंची कमी, डाव्या हाताने ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटत नेणं, धड जमत नव्हतं. पण शाळा सुटल्यावर घरी जायला पाय निघायचा नाही. म्हणून पीटीच्या सरांनी मला टेबलावर बसवलं आणि स्कोअरशीट, म्हणजे सामन्याची नोंद ठेवायचा कागद, लिहायला शिकवली.

त्या कागदावर बारा खेळाडूंची नावं एकाखाली एक असतात. सुरुवातीच्या पाच जणांपुढे फुली, आणि सामना सुरू झाला की तिच्याभोवती लाल पेनाने गोल. नंतर बेंचवरून जो पहिल्यांदा आत येईल त्याला नुसती फुली. वहीत फुली म्हणजे चूक, हे मनात पक्कं बसलेलं. इथे मात्र तिच्यासाठी बेंचवरची मुलं माझ्या पेनाकडे डोळे लावून बसायची. सरांचा नियम एकच होता, ‘बारा नेले तर बारा खेळणार.’ एकही ओळ कोरी राहिलेली त्यांना चालायची नाही.

परळच्या आपल्या शाळेचं मैदान ही स्मरणिका वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एका कडेला मल्लखांब, मधे मुलींचा खो-खो, आणि भिंतीलगत जाळी नसलेली रिंग. ती रिंग मात्र बरोबर १० फुटांवर होती. सरांनी स्वतः टेप धरून लावून घेतली होती. डांबरावर धूळ इतकी की आत जाण्याआधी बुटांचे तळवे हाताने पुसायचे, नाहीतर वळताना पाय सटकायचा. कोणी विसरलं तर सर त्याला रेषेवरून परत बोलवायचे.

त्या वर्षी आपल्याच मैदानावर एक सामना झाला. शेवटचे चाळीस सेकंद, आम्ही एका गुणाने पुढे. माझ्याच वर्गातला एक मुलगा तेवढा खेळायचा राहिला होता. सरांनी त्याला आत पाठवलं. मी टेबलावरून ‘सर, आता नको’ असं म्हणालोसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. पहिलाच पास त्याच्या हातून निसटला, समोरच्यांनी लेअप केला, म्हणजे रिंगपाशी धावत जाऊन दोन गुणांचा बास्केट केला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. त्याच्या नावापुढची फुली मी अशी दाबून मारली होती की खालची कार्बन कॉपीसुद्धा फाटली. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. ही स्मरणिका त्याच्याही हातात पडेल, म्हणून इथेच लिहितो : मित्रा, चुकलं माझं.

आठवीत मला संघात घेतलं. रविवारी सर आम्हाला नागपाड्याला, मस्तान तलावच्या कोर्टवर न्यायचे. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. तिथली मोठी मुलं आमच्यावर ओरडायची, ‘बॉल मांग मत, जगह बना!’ मला आजही कोणी बास्केटबॉल शिकवायला सांगितलं, तर मी याच वाक्यापासून सुरुवात करीन.

त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०१९ ला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा भारतातला पहिला सामना झाला. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. प्रेक्षक म्हणून मुंबईतली सुमारे ३,००० शाळकरी मुलं होती आणि त्यांत आम्हीही होतो. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२–१३१ असा जिंकला. पुन्हा एक गुण! परतताना बसमध्ये सरांनी याच किंग्जची एक गोष्ट सांगितली. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे त्यांचे मालक. त्यांच्या संघाने २०१५ मध्ये सिम भुल्लर या कॅनडात वाढलेल्या पंजाबी घरातल्या मुलाला दहा दिवसांचा करार दिला. सात फूट पाच इंच उंची. ७ एप्रिलला तो मिनेसोटाविरुद्ध पहिल्यांदा उतरला, तोही फक्त १६ सेकंद. भारतीय वंशाचा खेळाडू एनबीएत खेळण्याची ती पहिली वेळ. आम्ही हसलो, तसे सर चिडले. ‘हसू नका. सोळा सेकंद झाले तरी ती ओळ आता कोरी नाही,’ ते म्हणाले.

नववी चाळीच्या गॅलरीत ड्रिबल करण्यात गेली. खालच्या काकूंनी वर्षभर तो आवाज सोसला, त्यांचे उपकार. दहावीनंतर उंची वाढली, मग कॉलेज, राज्याची शिबिरं, आणि गेल्या वर्षी एका व्यावसायिक संघाशी माझा पहिला करार. करारावर सही करताना आईने पेन हातात दिलं. ते सातवीतलं लाल पेन होतं, तिने जपून ठेवलेलं.

पहिल्या तीन सामन्यांत मी जर्सी घालून बेंचवरच होतो. चौथ्यात आम्ही १९ गुणांनी पुढे होतो. शेवटच्या क्वार्टरची एक मिनिट बावन्न सेकंदं उरली असताना प्रशिक्षकांनी माझ्याकडे बोट केलं. मी टेबलाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसलो आणि बुटांचे तळवे हाताने पुसले. खाली आरशासारखं लाकडी कोर्ट होतं. माझ्या कानात फक्त माझाच श्वास होता. हॉर्न वाजला, आत गेलो. एक रिबाउंड (हुकलेला बॉल रिंगखाली पकडणं), तीन पास, गुण शून्य. एका वेळी मी बॉल मागितला नाही, जागा केली. पास आला नाही, पण जागा बरोबर होती.

सामना संपल्यावर सगळे हस्तांदोलन करत होते, तेव्हा मी टेबलाकडे गेलो. स्कोअररला विनंती करून कागद पाहिला. माझ्या नावापुढे छोटीशी फुली होती, गोल नसलेली. हात थरथरत होता, म्हणून फोटो दोनदा काढावा लागला. तो तिथूनच सरांना पाठवला.

त्यांचं उत्तर लगेच आलं : ‘शाब्बास. बाकीचे सगळे खेळले का?’

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन ओळी कोऱ्या होत्या.