हाईच शे मनं तोंड

आधार अपडेट करायला अमळनेरच्या एका सेतू केंद्रात गेलो होतो. वैशाखातली दुपार, पारा 43 वर, पंखा फिरतोय पण वारा नाही. माझ्यापुढे पांढऱ्या टोपीतले एक आबा. ते कॅमेऱ्यासमोर बसले तसा पलीकडचा पोऱ्या म्हणाला, "आबा, जराखं बरं तोंड करा ना. रुसेल दिसतस तुम्ही."

आबांनी टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला आणि तेच तोंड पुन्हा कॅमेऱ्यासमोर धरलं. "हाईच शे मनं तोंड. काढ."

सगळी रांग हसली. पुढचा नंबर माझा. माझा फोटो आबांच्या सव्वापट रुसलेला आला आणि मला तर कुणी बरं तोंड कर असंही म्हटलं नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. तोंड पडलं म्हटलं की लोक पाणी विचारतात, बरं नाही का म्हणतात. तेच तोंड पाडलं म्हटलं की टोमणा ठरलेला. माणूस तोच, तोंडही तेच, फक्त बघणाऱ्याचा मूड वेगळा. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड, सुतकी तोंड, नाकावरचा राग, कपाळावरच्या आठ्या, ही सगळी नावं समोरच्यांनी ठेवलेली. "मी सध्या तोंड फुगवून बसलोय" असं आपणहून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. रुसणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसतच नाही. त्याला फक्त गाल जड लागतात.

पुस्तकांतली मुलं फुरंगटायची, हिरमुसायची. आमच्या गल्लीत कुणी कधी फुरंगटलं नाही. आमची थोबाडं सुजायची.

माझं सुजायचं ते हमखास आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आत्या माहेरी आलेली असायची, वाड्यातल्या लिंबाला झोका बांधलेला, आणि त्या झोक्यावर सासुरवाशिणींचा हक्क. त्यांची गाणी संपायची नाहीत आणि माझा नंबर यायचा नाही. एकदा मी दोरीला लोंबकळून पाहिलं तर आत्यानेच बखोट धरून बाजूला केलं. झालं. तडक घरात गेलो आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसलो. रुसायला ती जागा फार सोयीची. अंधार, गारवा, ज्वारीचा वास. एकच अडचण होती. तिथे बसलेला माणूस कुणालाच दिसत नाही. म्हणून मी एक गुडघा बाहेर काढून ठेवला.

मागच्या दारी माय खापरावर मांडे टाकत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला गुडघा दिसत होता. पण मोठ्या मायने, म्हणजे माझ्या आजीने, फर्मान काढलेलं, "कोन्ही तिकडे देखू नका. भूक लागनी का येई." मी गुडघा आणखी पुढे सरकवला. चुलतभाऊ त्याला वळसा घालून गेला. आमरसाची पातेली माझ्या गुडघ्यावरून पलीकडे गेली, पण एक माणूस "काय व्हयनं रे तुले?" म्हणेना. असल्या वेळी रागाचं मूळ कारण मागे पडतं आणि कुणी विचारत नाही याचाच राग येतो. शेवटी तिथेच झोप लागली. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ताटाखाली एक मांडा झाकून ठेवला होता. गार, पण पुरण भरपूर. मी गपचूप खायला बसलो. तेवढ्यात आत्याची पोरगी दारातून ओरडली, "आलं आलं, हसू आलं!"

या चार शब्दांवर माझा आजही राग आहे. लहान पोरं रुसली की मोठी माणसं हेच म्हणतात आणि पोरांना खरंच हसू येतं. इतका वेळ मेहनतीने धरून ठेवलेलं तोंड असं एका झटक्यात हातातून काढून घेणं मला फार दुष्टपणाचं वाटतं. मी कुणाच्या पोराला हे म्हणत नाही. रुसू द्यावं, पोटभर.

जावयांना हे कुणी म्हणत नाही, हे विशेष. 2023 च्या अधिक श्रावणात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, आमच्या ओळखीतले एक जावई रुसले. ताटात 33 अनारसे होते, कपडे होते, अंगठीही होती, पण साडूची अंगठी वजनाने जास्त भरली म्हणे. दुपारभर गृहस्थ भिंतीकडे तोंड करून लवंडले होते. मनवायला आधी मेहुणा, मग सासरे, मग भाऊबंदकीतले दोन वडीलधारे. यालाही तोंड पाडणं म्हणत नाहीत बरं. याला मान दुखावणं म्हणतात.

देवादिकांचंही काही वेगळं नाही. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली आणि तिला शोधत आलेला देव पंढरपुरातच राहिला, असं म्हणतात. अजून तिचा गाभारा वेगळाच आहे. पण माझं आवडतं रुसणं ज्ञानेश्वरांचं. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीत शिरले आणि आतून ताटी लावून घेतली. बाहेर उभी राहून समजूत कुणी काढावी? धाकट्या मुक्ताईने. ताटीच्या अभंगांतलं तत्त्वज्ञान मला बेताचंच कळतं. पण आतून ताटीला कान लागलेला असणार, एवढं मी कोठीमागच्या अनुभवावरून सांगू शकतो.

ही मुक्ताई आमच्या जिल्ह्याची. म्हणजे 1297 मध्ये ती तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, आणि तिच्यामुळे एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. वय फार तर अठरा-वीस. एवढ्याशा वयात सगळ्यांच्या समजुती काढत हिंडलेली पोर. ती कधी रुसली असेल तर ताटीबाहेर कोण उभं राहिलं असेल?

आमच्या घरात रुसण्याचा हक्क सगळ्यांनी बजावला. आमचे आबा ताटावरून उठायचे, आत्या पिशवी भरायला घ्यायची, माझं तर सांगितलंच. माय कधी रुसलेली आठवत नाही. अधूनमधून एखाद्या दिवशी, सण नाही वार नाही, ती मांडणीवरचे सगळे डबे खाली काढायची आणि मोरीत घासत बसायची. पितळी, स्टीलचे, झाकणांसकट. कुणाशी बोलणं नाही. तेव्हा तिचं तोंड कसं असायचं, पडलेलं की पाडलेलं, मला सांगता येणार नाही. आमच्याकडे तिची पाठ असायची आणि पलीकडे जाऊन बघायचं कुणाला सुचलं नाही.

डबे मात्र लख्ख निघायचे.