तलांक 385

गाझिआन्तेप (तुर्कस्तान), मंगळवार रात्र

झ्यूग्मा मोझाइक संग्रहालयात सकाळी शिरलो आणि दारं बंद करायला आलेल्या पहारेकऱ्यानं हटकलं तेव्हा बाहेर पडलो. मधे मुलीनं दोनदा चहाला बाहेर नेलं, तेवढंच. पूर्वी इथे सरकारी सिगारेट कारखाना होता. त्या जागेवर 2011 मध्ये हे संग्रहालय उभं राहिलं. आत जवळपास 1,700 चौरस मीटर मोझाइक, म्हणजे रंगीत खडे जडवून केलेली चित्रं आहेत, तीही रोमन काळातल्या फरशीवरची. फरात नदीच्या, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या युफ्रेटिसच्या काठी झ्यूग्मा नावाचं शहर होतं. तिथल्या श्रीमंतांच्या घरांतल्या या फरश्या.

मला रस वाटला तो वेगळ्या कारणानं. हे सगळं त्याच नदीवरच्या बिरेजिक धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उचललेलं आहे. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. बुडीत क्षेत्र म्हणजे काय हे मला नकाशावर दिसतं तसं इथल्या गर्दीतल्या फार थोड्यांना दिसत असेल. एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा आखायची. तिच्या खालचं घर, विहीर, झाड, देऊळ, सगळ्याची यादी करायची, पंचनामा करायचा, मोबदला ठरवायचा. बिरेजिकची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 385 मीटर. त्या तलांकाखालच्या यादीत इथे ग्रीक पुराणातले देव नि वीर होते: समुद्रदेव पोसायडन होता, ओशनस होता, अकिलीस होता.

मुलीला म्हटलं, "हे सगळं सरकारी यादीत 'इतर मालमत्ता' या रकान्यात गेलं असणार." ती हसली नाही. तिला असले विनोद आवडत नाहीत.

शहराची गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो. अलेक्झांडरचा सेनापती सेल्यूकस निकेटर यानं इसवी सनापूर्वी 300 च्या आसपास नदीच्या दोन काठांवर दोन गावं वसवली. पश्चिमेचं स्वतःच्या नावाचं, पूर्वेचं बायकोच्या, अपामाच्या नावाचं. मधे पूल. पुढे रोमन आले, साम्राज्याची पूर्व सीमा इथेच आली, चौथ्या सिथिका पलटणीचा तळ पडला. पलटण म्हणजे पगार, पगार म्हणजे बाजार, आणि पूल म्हणजे जकात. मातीचे सुमारे 65 हजार ठसे इथल्या उत्खननात निघाले. पत्रांच्या नि गाठोड्यांच्या दोरीवर लावायचे शिक्के ते. इतक्या संख्येनं एका जागी फार कुठे सापडलेले नाहीत. या पैशातूनच फरश्या झाल्या. मग इसवी सन 253 च्या सुमारास इराणचा सासानी राजा शापूर आला आणि शहर जाळून गेला. वरच्या उतारावरची माती, कच्च्या विटांच्या भिंती, सगळं घसरून घरांवर बसलं, म्हणून फरश्या टिकल्या. आग लावणाऱ्याला याची कल्पना नसणार.

पोसायडनच्या मोझाइकसमोर जरा जास्तच वेळ गेला. आम्ही कोल्हापूरकर. आमच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची एक छोटी कांस्य मूर्ती आहे, 1940 च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली, भूमध्य समुद्राकडून व्यापारात आलेली. शाळेची सहल दरवर्षी तिच्यासमोरून जायची आणि आम्ही शेजारच्या तलवारी बघायचो.

मधल्या सज्जात उंच खांबावर मार्सची कांस्य मूर्ती उभी आहे. युद्धाचा देव. ती एका घरात, साठवणीच्या रांजणांच्या सोबतीनं सापडली. हल्ला होणार हे कळल्यावर घरच्यांनी आत लपवली असावी असं म्हणतात. घर जळलं, मूर्ती राहिली.

सगळे जिच्यासाठी येतात ती 'जिप्सी मुलगी' वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे. फक्त चेहरा, डोक्याला फडकं, कानात मोठी बाळी, आणि कुठूनही बघा, आपल्याकडेच बघणारे डोळे. ती मुळात बहुधा मीनाड असावी, म्हणजे मद्याचा ग्रीक देव डायोनायसस याच्या मागे नाचत फिरणाऱ्या बायकांपैकी एक. जिप्सी हे नाव अलीकडचं. 1998 मध्ये ती सापडली तेव्हा तिच्या भोवतीची फरशी चोरांनी केव्हाच उचलून नेलेली होती. तिच्यावर एक खांब पडलेला होता, म्हणून ती वाचली. नेलेल्या तुकड्यांपैकी बारा तुकडे अमेरिकेत ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठानं 1965 मध्ये 35 हजार डॉलरला विकत घेतले होते, अंताक्याचे, म्हणजे प्राचीन अँटिऑक शहराचे म्हणून. विद्यापीठाच्या इमारतीत ते काचेखाली जमिनीत बसवलेले होते, विद्यार्थी वरून चालायचे. 2012 मध्ये दोन अभ्यासक बायकांनी शंका काढली की हे अंताक्याचं काम वाटत नाही. 2018 च्या अखेरीस तुकडे इथे परत आले. मोबदल्यात तुर्कस्तानानं त्यांना हुबेहूब प्रती करून दिल्या. व्यवहार सभ्य झाला एवढं खरं, पण शंका यायला 47 वर्षं लागली हेही त्याच वहीत लिहायला हवं.

मला मात्र त्या मुलीपेक्षा डायोनायससच्या लग्नाच्या फरशीनं जास्त धरून ठेवलं. ही 1992 मध्ये मिळाली. तेव्हाच्या लोकांनी जे पुस्तकी शहाणपणाचं तेच केलं, जागच्या जागी ठेवली, राखण केली. वस्तू जिथली तिथेच असावी, हे तत्त्व मलाही पटतं. 1998 च्या जूनमध्ये एका रात्री चोरांनी दहापैकी सहा आकृत्या कापून नेल्या. आजवर त्या मिळालेल्या नाहीत. संग्रहालयात ती फरशी आहे तशी, उरलेल्या चार जणांसह, मांडली आहे. नवरा-नवरीच्या लग्नात वऱ्हाडच गायब. चोरीआधीचे फोटो उपलब्ध आहेत. मनात आणलं असतं तर नवे चौकोनी खडे बसवून फरशी पुरी करता आली असती. केली नाही. आमच्या खात्यात असा खड्डा कुणी उघडा ठेवला नसता, फरशा बसवून उद्घाटन केलं असतं.

बेलकीस, बुधवार

आज प्रत्यक्ष झ्यूग्माच्या जागेवर. गाझिआन्तेपहून निझिप, तिथून पुढे पिस्त्यांच्या बागांतून रस्ता. बागांच्या मातीचा रंग आमच्याकडच्या तांबड्या मातीशी मिळताजुळता नाही, फिकट, चुनखडीची.

जलाशय निळा, शांत, सुंदर. धरणाची भिंत अगदी जवळ आहे. मला धरण बघून बरं वाटतं, हे लपवून काय उपयोग? 672 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, भिंतीची रेषा, सांडव्याच्या दारांची रांग, हात आपोआप खिशातली वही शोधायला लागतो. धरण बांधलं ते चूक असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात दिवा आहे त्यांनी ते म्हणावं का, हा प्रश्न बाजूला ठेवतो.

घडलं असं. उत्खनन आधीपासून चालू होतं, संथ, तुटपुंज्या पैशात. 2000 च्या वसंतात पाणी चढायला लागलं, तसे खालच्या पट्ट्यातल्या घरांतून एकामागून एक फरश्या निघू लागल्या. मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली. ती वाचून अमेरिकेतल्या डेव्हिड पॅकार्ड यांनी 50 लाख डॉलर दिले. पाणी चढवणं थोडं थोपवलं गेलं, टप्पे पाडले. ऑक्सफर्डची पुरातत्त्व मंडळी, गाझिआन्तेपचं संग्रहालय, तुर्की आणि फ्रेंच पथकं, रोमची संवर्धन संस्था, आणि आसपासच्या गावांतले मजूर त्या उन्हाळ्यात कामाला लागले. ऑक्टोबरमध्ये पातळी 385 ला पोचली.

फरशी उचलायची रीत मला एका माहितीफलकावरून आणि मुलीनं वाचून दाखवलेल्या मजकुरातून नीट कळली. आधी वरून स्वच्छ करायची, मग पृष्ठभागावर सरसानं कापड चिकटवायचं, म्हणजे खडे एकमेकांना धरून राहतात. मग सोयीच्या रेषांवर तुकडे पाडून खालच्या चुन्याच्या थरापासून सुटं करायचं आणि उलटं करून जुना चुना घासून काढायचा. नव्या तळासाठी मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी असलेले अॅल्युमिनियमचे हलके पत्रे वापरतात, त्यावर पुन्हा चुन्याचाच गिलावा. सिमेंट नाही. पूर्वी जगभर सिमेंटवर बसवायचे, त्यातले क्षार बाहेर येऊन खडे उडायला लागले. आयुष्यभर सिमेंटच्या गोण्या मोजलेल्या माणसाला हे वाचताना गंमत वाटली.

वर छपराखाली काही घरं जागेवरच ठेवली आहेत. लोखंडी पुलावरून फिरायचं आणि खाली अंगण, हौद, भिंतीवरच्या रंगाचे कपचे बघायचे. पलीकडे म्यूझेसचं, म्हणजे कलांच्या ग्रीक देवतांचं घर. अंकारा विद्यापीठाचे कुतालमुश गोर्काय 2005 पासून इथल्या कामाचे प्रमुख, त्यांच्या पथकानं ते खणलं. संग्रहालयात झगमगाटात दिसलेल्या फरश्यांना इथे खोल्या होत्या, दारं होती, जेवायला बसल्यावर नदीकडे तोंड यायचं, हे इथे आल्याशिवाय कळत नाही. काल जे 'चित्र' होतं ते आज जमीन झालं.

तरीही मी संग्रहालयाच्या बाजूनं आहे. जागेवर ठेवायचं तर चोवीस तास माणूस हवा, पगार हवा, आणि त्या माणसाला विकत घेता येणार नाही एवढा तो पगार हवा. 1998 ची चोरी हेच सांगते.

होडी घेऊन काठाकाठानं गेलो. समोरच्या काठावर सेल्यूकसच्या बायकोच्या नावाचं ते अपामिया होतं. ते पूर्ण पाण्याखाली. बेलकीस गावातली बरीच घरंही गेली आणि लोकांना वरती नवी घरं दिली. नावाडी त्यातलाच. नवं घर कसं आहे, एवढंच मुलीच्या मार्फत विचारलं. पक्कं आहे म्हणाला. मग थोड्या वेळानं स्वतःहून, उन्हाळ्यात गरम होतं. हे उत्तर मी पुनर्वसन वसाहतींत मराठीत इतक्या वेळा ऐकलंय की भाषांतर होण्याआधीच कळलं.

याच नदीवर वरच्या अंगाला समोसाता होतं, कोमाजीनी या जुन्या राज्याच्या राजांची राजधानी, ल्यूशियन या लेखकाचं जन्मगाव. अतातुर्क धरणात 1990 च्या सुमारास बुडालं. त्यासाठी कुणी लांबच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर लिहिलं नाही. पश्चिम तुर्कस्तानात बर्गामाजवळ अलियानोई, रोमन काळातलं गरम पाण्याच्या झऱ्याचं आरोग्यधाम. तिथे निदर्शनं झाली, दावे झाले, परदेशातून पत्रं आली, आणि शेवटी 2010 मध्ये अवशेष वाळूखाली झाकून योर्तानली धरणाचं पाणी वर घेतलं. वाळूखाली सुरक्षित आहे असं सांगतात. तांत्रिकदृष्ट्या ते अगदीच खोटं नाही, गाडून ठेवणं ही संवर्धनाची मान्य पद्धत आहे. फक्त वर तलाव नसला पाहिजे.

गुरुवार

किल्ला बघायला गेलो. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात गाझिआन्तेपच्या किल्ल्याचे बुरूज कोसळले. रोमन पाया, वर बायझंटाइन सम्राट जस्टिनियनची बांधणी, वर पुढच्या सगळ्यांची. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्ती चालू होती. संग्रहालयातल्या मोझाइकना मोठी इजा झाली नाही. उरलेला दिवस बक्लाव्यात गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, साखर वाढली असेल.

अंकारा, शनिवार

हाजी बायराम मशिदीला लागून रोमन सम्राट ऑगस्टसचं देऊळ आहे. लागून म्हणजे अक्षरशः, मशिदीचा कोपरा देवळाच्या भिंतीला टेकलेला. देवळाचं पुढे चर्च झालं आणि पंधराव्या शतकात शेजारी मशीद आली. आता भिंतींना लोखंडी टेकू आहेत. मशिदीत लग्नाआधी दुवा मागायला आलेली जोडपी, फोटो, कबुतरं, खमंग भाजलेली कणसं. देवळाकडे बघणारे आम्ही दोघंच.

भिंतीवर ऑगस्टसचं स्वतःचं कर्तृत्व-निवेदन कोरलेलं आहे, आत लॅटिनमध्ये, बाहेरच्या भिंतीवर ग्रीकमध्ये. रोममध्ये त्याच्या समाधीपुढे मूळ मजकूर कांस्यपटांवर होता, ते केव्हाच वितळले. 1555 मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजाचा दूत बुस्बेक सुलतानाला भेटायला चालला असताना त्याच्या मंडळींनी इथला मजकूर पाहिला आणि युरोपला कळलं. इथे कुणी संवर्धन वगैरे केलं नव्हतं. भिंत उपयोगाची होती, तिला टेकून घरं होती, मशीद होती, म्हणून कुणी दगड काढून नेले नाहीत. झ्यूग्मात माती आली, इथे शेजार आला. आता शेजारची घरं हटवलेली आहेत, मोकळं पटांगण आहे, आणि अक्षरं गाड्यांच्या धुरानं नि थंडीनं झिजतायत.

मुलीनं फोनवर इंग्रजी भाषांतर काढून मोठ्यानं वाचलं. बराचसा भाग ठरावीक, किती राजे शरण आले, किती देवळं बांधली. मधे एक ओळ आली की जुने झालेले पाणीपुरवठ्याचे पाट दुरुस्त केले आणि रोमच्या मार्सिया पाटात नवा झरा वळवून त्याचं पाणी दुप्पट केलं. मी तिला परत वाचायला लावलं. सम्राटानं पाटाच्या दुरुस्तीची नोंद देवळावर कोरली. आमच्याकडे वार्षिक देखभाल अहवाल कपाटावर जातो.

त्याच्या आधी आणखी एक परिच्छेद आहे. सैनिकांना वाटायला ज्या जमिनी घेतल्या त्यांची किंमत नगरांना रोख चुकती केली, इटलीतल्या जमिनींना सुमारे 60 कोटी सेस्टर्स (रोमन नाणं), प्रांतांतल्या जमिनींना 26 कोटी, आणि असं करणारा आपल्या आठवणीत मी पहिला आणि एकटाच. भूसंपादनाचा मोबदला दिला म्हणून भिंतीवर लिहून ठेवणारा माणूस! आकडे गोल आहेत, पावत्या जोडलेल्या नाहीत, आणि ज्यांची शेतं गेली त्यांचं म्हणणं कुठल्याच भिंतीवर नाही. लेखापरीक्षणात मी यावर शेरा मारला असता.