दाभोळ ते गोवळकोट होडीने: काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी

वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळहून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत स्वतःच्या होडीने जायचं, हे दोन वर्षं घोळत होतं. होडी सोळा फुटी फायबरची, मागे 25 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागणारं) इंजिन, 24 लिटरची सुटी टाकी. माणसं तीन: मी, मेहुणा आणि भाचा.

जाताना भरती मिळावी, येताना ओहोटी, एवढं गणित जमवलं होतं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा आपल्याकडचा जुना हिशोब. संकष्टीचा दिवस, त्यामुळे तिथी बघायला पंचांगही उघडावं लागलं नाही. चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण आणि सकाळी नऊच्या सुमारास पाणी फिरणार. आम्ही पावणेदहाला दाभोळ सोडलं. टाकीत 22 लिटर (काठोकाठ भरू नये, उन्हात पेट्रोल फुगतं), शिवाय 20 लिटरचा पत्र्याचा डबा.

सुरुवातीलाच समोरच्या काठाला अंजनवेलचा गोपाळगड पाण्यातून बघायचा म्हणून आधी उलट, खाडीच्या तोंडाच्या दिशेने गेलो. तिथून वळून फेरीबोटीची वाट ओलांडली आणि खाडीत वर निघालो. जाळी आणि खुंट आडवे येतील या भीतीने मी वेग ना धड कमी ठेवला ना धड जास्त, ताशी 14 किलोमीटर. सामान मागे, आम्हीही मागे, होडीचं नाक वर. टाकीवरचा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या जरा खाली दिसत होता. मी खूश.

मालदोलीच्या अलीकडे एकच्या सुमाराला वळण घ्यायला वेग कमी केला आणि इंजिन खोकायला लागलं. पाइपमधला रबरी फुगा दाबला तर मऊ, आत पेट्रोलच नाही. पहिला संशय झाकणावरच्या हवेच्या स्क्रूवर. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि भरल्या टाकीवरही इंजिन उपाशी मरतं. पण तो उघडा होता. इंजिन बंद पडलं. तीसेक हातांवर चिखलात एक मगर ऊन खात पडलेली. भाच्याने वल्हं हातात घेतलं, पाण्यात मात्र घालेना.

जवळच जाळं ओढणारे एक चाचा होडी घेऊन आले. काही न विचारता त्यांनी आमची टाकी कडीला धरून उचलली, हलवली आणि खाली ठेवली. ‘दोन लिटर. लय तर अडीच.’ बॅगेत सामान तोलायचा हुकाचा काटा होता, तो कडीला लावला. 5.1 किलो. रिकामी टाकी 3.6 किलोची, उरलं दीड किलो. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. म्हणजे दोनच लिटर!

होडी सरळ बसल्यावर टाकीचा काटा अर्ध्यावरून पार खाली गेला होता. आमच्या टाकीचा तरंगता गोळा मागच्या टोकाला आहे. नाक वर असलं की पेट्रोल मागे साचतं, गोळा वर उचलला जातो आणि काटा श्रीमंती दाखवतो. तळाचं लिटर-दीड लिटर तर नळीला नीट मिळतच नाही. त्यामुळे काटा बघायचाच तर होडी थांबवून, माणसं मध्ये बसवून. मी आता बांबूच्या कामटीवर दोन-दोन लिटरच्या खुणा केल्या आहेत. पण तोलून बघण्याइतकं खात्रीचं काहीच नाही, आणि हुकाचा काटा कुठल्याही बॅगांच्या दुकानात मिळतो.

डब्यातलं पेट्रोल चाचांच्या सांगण्यावरून काठाला लागून ओतलं. हलत्या होडीत नरसाळं धरणं हा मूर्खपणा आहे. दुसरी टाकीच घ्यावी, नुसता पाइप बदलला की काम झालं. पुढचं अंतर ताशी नऊच्या वेगाने, भरतीच्या पाठीवर, जेमतेम चार लिटरमध्ये कापलं. पावणेचारला गोवळकोट.

रात्री हिशोब मांडला. इंजिन बंद पडेपर्यंत फोनवर 34 किलोमीटर, खर्च 20 लिटर, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ 0.6 लिटर. भयंकर! दुसऱ्या दिवशी सामान आणि भाचा पुढे, इंजिनाचा तिरकेपणा ठरवणारी पिन एक भोक खाली. सकाळी सातला ओहोटीबरोबर निघालो. होडी पाण्यावर सपाट घसरू लागली, वेग 24. दाभोळला पोचलो तेव्हा 45 किलोमीटरना 14 लिटर लागले होते. ताशी खर्च दोन्ही दिवस आठ लिटरच्या आसपासच, अंतरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एकतर निवांत चाला नाहीतर पूर्ण वर काढून सपाट पळवा. मधला, नाक वर करून पाणी ढकलणारा वेग खिसा कापतो.

जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही वरच्या भागात प्रवाह असतो. भरती चुकली तर तोही अंगावर घ्यावा लागतो. पेट्रोलचा एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक, हे गणित धरूनच निघा. आम्ही गोवळकोटहून रिक्षाने चिपळूणला जाऊन दहा लिटर आणलं. रिक्षावाल्याने नाक मुरडलं, पण नेलं. डबा धातूचाच हवा: कायद्याने परवान्याशिवाय एकूण 30 लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येतं, तेही 25 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. ऑइल लिटरला 20 मिली, आमच्या इंजिनाला. तुमच्या पुस्तिकेत बघा.

पाइपमधून वाहणारं पेट्रोल मोजणाऱ्या डिजिटल फ्लो मीटरच्या मी वाटेला गेलो नाही. स्पार्क प्लगच्या वायरीला तार गुंडाळून चालणारं, इंजिनाचे फेरे आणि तास मोजणारं छोटं यंत्र मात्र लावलंय, कुठल्या फेऱ्यांना किती पेट्रोल याचा तक्ता वहीत भरतोय.

घरी आलो तेव्हा 14 लिटर शिल्लक होतं. ऑइल मिसळलेलं, म्हणून मेहुण्याच्या गाडीत घालता येत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा फार दिवस ठेवताही येत नाही. पुढच्या रविवारी चाचांना चार लिटर देऊन येणार आहे.