या वयात कार्टून?

"काकू, या वयात कार्टून?" दांडिया बाजारात भिशीपासून जिन्यापर्यंत सगळीकडे हे ऐकते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

बडोद्यात राहून हा प्रश्न पडावा याचंच मला नवल वाटतं. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी भिंतीवर महाभारताचं युद्ध रंगवलंय. पाहुणे आले की आपणच त्यांना कौतुकानं तिकडे नेतो. तिथे कुणी म्हणत नाही की हा पोरखेळ आहे. मग तेच चित्र हलायला लागलं की लगेच पोरांचं कसं होतं?

इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा जपानी कार्टून सिनेमा बघा. १९४५ सालचं कोबे शहर, वरून आगीचे बॉम्ब, आई गेलेली, आणि मागे उरलेली दोन भावंडं: १४ वर्षांचा सेइता, ४ वर्षांची सेत्सुको. सेइता मरणार हे पहिल्याच दृश्यात सांगून टाकलंय. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता नाहीच, कसं झालं तेवढं बघायचं. ज्यांच्या कथेवर हा सिनेमा आहे त्या अकियुकी नोसाकांची धाकटी बहीण त्याच काळात उपासमारीनं गेली होती. ताकाहाता स्वतः ९ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते.

आता ४ वर्षांच्या खऱ्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उपाशी कसं दाखवणार? मेकअप कळतो. पोर दमली असेल, तिची आई तिथेच असेल ना, असलं काहीतरी मनात येतं आणि आपण सुटतो. चित्रातल्या सेत्सुकोमागे अशी घरी जाणारी मुलगी नाही. तिच्या खाऊच्या गोळ्यांचा डबा रिकामा झाल्यावर सेइता त्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोडसर पाणी तिला पाजतो, तेव्हा सुटायला जागाच राहत नाही. (आवाज मात्र खऱ्याच लहान मुलीचा आहे. तो ऐकवत नाही.)

आणि आई गेल्यावर ही दोघं जिच्या घरी राहतात, ती लांबच्या नात्यातली बाई! आईचे किमोनो विकून आलेल्या तांदळातला भात ती कामाला जाणाऱ्यांना वाढते, या दोघांच्या वाट्याला पातळ पेज. पोरांना ती नुसती दुष्ट दिसेल. रेशनवर घर चालवलेल्या बाईला तिचा हिशेबही दिसतो, आणि तो दिसला की जास्तच त्रास होतो. हा सिनेमा मोठ्यांचा आहे तो इथे.

नातवाला घेऊन बसू का, असंही काहीजणी विचारतात. एवढ्यात नको. त्याला 'माय नेबर टोटोरो' लावून द्या. १९८८ मध्ये जपानच्या थिएटरांत हे दोन्ही एकाच तिकिटात दाखवले होते. तुम्हीही तसेच लागोपाठ बघणार असाल, तर टोटोरो नंतरसाठी ठेवा.