विमा कंपनीला कोर्टात खेचण्याआधी

'अमेरिकेत काय, विमा कंपनीने नाही म्हटलं की कोर्टात खेचायचं आणि लाखो डॉलर वसूल करायचे,' असा आपल्याकडे पक्का समज आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी कुटुंबांचा आरोग्यविमा खासगी नोकरीतून येतो, आणि नेमका तिथेच हा समज फसतो.

या विम्याला 'एरिसा' हा १९७४ चा केंद्रीय कायदा लागू होतो. तो आला मुख्यतः पेन्शन बुडू नये म्हणून. आरोग्यविमा त्यात ओघाने आला. टेक्सासने रुग्णांना विमा कंपनीवर निष्काळजीपणाचा दावा लावण्याची मुभा दिली होती. २००४ मध्ये 'एटना विरुद्ध डॅविला' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की राज्याच्या कायद्याखालचा असा दावा एरिसापुढे टिकत नाही. त्यातल्या एका रुग्ण महिलेला डॉक्टर आणखी थांबवा म्हणत असताना विमा कंपनीच्या निर्णयामुळे शस्त्रक्रियेनंतर दिवसभरातच घरी पाठवलं होतं. तिला पुन्हा इमर्जन्सीत यावं लागलं. तरी मनस्तापाची भरपाई शून्य. जिंकलात तर नाकारलेल्या उपचारांचा खर्च मिळतो, वकिलाची फी मात्र न्यायाधीशाने मंजूर केली तरच.

त्याआधी १९८९ च्या 'फायरस्टोन' निकालाने आणखी एक दार अरुंद केलं. विमा योजनेच्या मसुद्यात 'अर्थ लावण्याचा अधिकार व्यवस्थापकाकडे' असं लिहिलेलं असेल, तर निर्णय बरोबर होता का हे कोर्ट सहसा नव्याने ठरवत नाही. तो मनमानी होता का, एवढंच बघतं. झालं! ते वाक्य मसुद्यांमध्ये सर्रास दिसू लागलं. (काही राज्यांनी विमा कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये त्यावर बंदी घातली आहे.)

म्हणून खरी लढाई अपिलाच्या कागदांवर होते. नकाराचं पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करायचं. आधी लेखी पत्राने क्लेमची पूर्ण फाइल आणि नकारासाठी वापरलेला वैद्यकीय निकष मागवा. दोन्ही फुकट द्यावे लागतात. मग डॉक्टरांकडून त्या निकषाच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणारं पत्र घ्या. 'उपचार अत्यावश्यक आहेत' एवढ्या एका ओळीच्या पत्राने काही हलत नाही. सगळे रिपोर्ट याच वेळी जोडा, कारण पुढे कोर्ट सहसा हीच फाइल बघतं. राहिलेला एमआरआय नंतर दाखवता येईलच असं नाही. उपचार व्हायचे असतील तर उत्तर ३० दिवसांत, झालेले असतील तर ६० दिवसांत, तातडीचं असेल तर ७२ तासांत यायला हवं.

तिथेही नकार आला तर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. इलिनॉय राज्याचा असा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी वाचवला. २०१० च्या 'ओबामाकेअर' या आरोग्यविमा कायद्याने ती सोय बहुतेक योजनांना लागू केली. ती मुख्यतः वैद्यकीय निर्णयाच्या वादांतच चालते, पण निकाल योजनेवर बंधनकारक असतो. आमच्या मते याचाच वापर लोक फार कमी करतात.

योजना 'सेल्फ-फंडेड' आहे का, हेही एचआरला विचारा. असेल तर पैसा मालकाचाच असतो, आणि एचआरच्या शब्दाला वजन येतं.

कोर्टात दावा लावण्याची मुदत अनेकदा योजनेच्या पुस्तिकेतच छापलेली असते. २०१३ च्या 'हाइमशॉफ' निकालानुसार अपील चालू असतानाच ते घड्याळ सुरू झालेलं असू शकतं. ती तारीख पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.